आंब्याखालच्या तांबड्या मुंग्या

१४ ऑक्टोबर २००७, रविवार

ही डायरी जानेवारीत मितेशनं आणून दिली होती. वळ गावातल्या ज्या गोडाऊनवर तो सुपरवायझर होता तिथं कुणी ट्रान्सपोर्टवाल्यानं वाटल्या होत्या. "बाबा, रिटायर झालात, आता काहीतरी लिहीत बसा," म्हणाला. मी म्हटलं, निजामपुऱ्यात लूमवर कापड विणत आयुष्य घालवलेल्या माणसाला लिहायला काय असतं? मार्चमध्ये तो गेला. ड्युटी संपवून येत होता, मोटारसायकलवर, आणि मागून कंटेनर आला. डायरी तशीच कोरी राहिली.

आज लिहायला बसलो तो एका कोंबडीपायी. अंगणात तांबड्या मुंग्या झाल्यात. ह्या नेहमीच्या मुंग्या नव्हेत. चावल्या की आग होते आणि दुसऱ्या दिवशी तिथं पांढरा फोड येतो. शेजारच्या केसरीनाथनं कसलीशी पावडर दिली. स्वतःच्या जमिनीवर गोडाऊनं उभी केल्यापासून त्याच्याकडे प्रत्येक रोगावर औषध असतं. "राघोदादा, चिमूटभर टाक. सकाली एक मुंगी दिसली तं माजं नाव बदल." सकाळी मुंग्या होत्या तशाच होत्या आणि पुतळाबाईची तांबडी कोंबडी आंब्याखाली मरून पडली होती. पुतळाबाई माझी बायको. ती मला एका शब्दानं बोलली नाही. कोंबडी उचलली आणि मागे खड्डा खणायला लागली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बोलली ती सून. पूर्वीनं उरलेली पुडी माझ्या हातातून काढून घेतली. "बाबा, सखी दिसेल ते तोंडात घालते. या अंगणात विष नको. पुन्हा आणलंत तर मी हिला घेऊन कल्याणला जाईन."

कल्याण म्हणजे तिचं माहेर. सहज बोलून गेली असेल, पण मी घाबरलो. सखी आता कुठं दुडुदुडु चालायला लागली आहे आणि तिच्या दोन्ही पायांवर फोड आहेत. म्हणजे मुंग्या घालवायच्या आणि त्याही विषाशिवाय. या वयात हेच राहिलं होतं.

१५ ऑक्टोबर

काल एवढा का घाबरलो ते लिहून ठेवतो. कुणाला सांगितलेलं नाही.

मितेशच्या दहाव्याला कावळा शिवेना. पानावर भात होता, तळलेला बोंबील होता, त्याला आवडायचा म्हणून पाकासारखा गोड चहा आणि बिस्किटं होती. कावळे झाडावर बसून बघत होते, खाली एक उतरत नव्हता. पुतळाबाई म्हणाली, मी रडणार न्हाय. त्याचे मित्र म्हणाले, तुझी गाडी दुरुस्त करून वापरू. कुणीतरी म्हणालं, तुझ्या क्रिकेटच्या टीमला बंद पडू देणार नाही. ऊन चढलं, सगळे पाय बदलत उभे. शेवटी मी मनातल्या मनात म्हटलं, "मितेश, पूर्वीला आणि सखीला या घरातून कुठं जाऊ देणार नाही." आणि एक कावळा उतरला.

तेव्हापासून त्याचा चहा चालू आहे. तो ड्युटीवरून आला की आम्ही दोघं आंब्याखालच्या दगडावर बसून चहा प्यायचो. लूमच्या खडखडाटानं माझे कान गेलेत, त्यामुळं बोलणं फार व्हायचं नाही. नुसतं बसायचो. आता दिवेलागणीला मी त्याचा कप आणि बशीत बिस्किटं दगडावर ठेवतो. चहा निवला की आंब्याच्या बुंध्याशी ओततो आणि बशी तिथंच सोडून आत येतो.

आणि रोज सकाळी बशी स्वच्छ असते. बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. पहिल्यांदा वाटलं घूस असेल. घुशीनं बशी उलटी तरी केली असती. माझ्या मनात काय येतं ते लिहायला नको, लोक हसतील. पण बशी उचलताना बरं वाटतं. दिवसभरात तेवढंच.

१८ ऑक्टोबर

उकळतं पाणी. सकाळी उन्हं यायच्या आत बंबातून बादली भरायची आणि मुंग्यांनी काढलेल्या भुसभुशीत मातीच्या ढिगात बरोबर मधोमध ओतायची. मेल्या, पुष्कळ मेल्या. तरंगून वर आल्या. लोटाभर पाणी माझ्या पायावरच सांडलं. पूर्वीनं कोरफड लावून दिली. हात हलका आहे तिचा. लग्नाआधी कल्याणला नर्सचं शिकत होती, अर्ध्यावर सोडून आली.

चहा ठेवला.

१९ ऑक्टोबर

ढीग आंब्याच्या दुसऱ्या बाजूला निघाला. कालच्यापेक्षा मोठा.

२१ ऑक्टोबर, दसरा

सण नाही. दारात तोरण नाही. केसरीनाथ सोनं द्यायला आला, आपट्याची पानं हातात तशीच धरून उभा राहिला, मग लक्षात आल्यावर खिशात घातली. जाता जाता नवा उपाय सांगून गेला. रवा टाकायचा. मुंग्या रवा खातात, तो त्यांच्या पोटात फुगतो आणि त्या मरतात म्हणे. मी वाटीभर रवा टाकला.

संध्याकाळपर्यंत रवा साफ आणि मुंग्या ठणठणीत. आमच्याकडे यंदा सणाला गोड नाही, मुंग्यांनी मात्र शिरा करून घेतला. खूप दिवसांनी पुतळाबाई हसली. मला तेवढ्यानं बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. मितेश नाही आणि आपण हसतोय.

२४ ऑक्टोबर

हळद टाकून झाली. लिंबू पिळून झालं. चुलीतली राख पसरून झाली. राखेवरून जात नाहीत हे खरं, पण वळसा घालून जातात. त्यांना कुठं ड्युटी गाठायची आहे.

सखीच्या उजव्या तळहातावर नवा फोड. हातावर कसा? पाय ठेवला तर पायाला चावतील. ही हात कशाला घालते तिथं?

२८ ऑक्टोबर, रविवार

आज मला आमचं स्वतःचं औषध आठवलं. आम्ही आगरी. माझ्या बापानं खाडीवर मीठ पिकवलं, आज्यानं पिकवलं. लहानपणी आमच्या मिठागराच्या बांधावर मुंगी बघितल्याचं आठवत नाही. हळद आणि लिंबं कसली करत बसलो! ओळखीच्याकडून जाड्या मिठाचं पोतं आणलं, बादलीत विरघळवून आंब्याभोवती ओतलं, उरलेलं तसंच पसरलं. पूर्वी ओट्यावरून काहीतरी म्हणत होती, मला ऐकू आलं नाही. मी हात वर करून सांगितलं, आता बघ.

मितेशला चहा देताना म्हटलं, तुझ्या पोरीचा बंदोबस्त केला रे.

२ नोव्हेंबर

मुंग्या मिठातून बाहेर, कुंपणाच्या भिंतीकडे सरकल्या होत्या. आज परत आंब्याशी आल्या. कुंपणापलीकडे गोडाऊन आहे, त्यात पोत्यांनी धान्य असेल, तिकडं जाऊन बसावं की नाही? ह्यांना आमच्या आंब्याचाच कसला मोह पडलाय कळत नाही.

मिठानं एकच काम केलं. पूर्वीनं माहेराहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप जळून गेलं. पानं काळी पडून गळाली. ती तेच ओरडून सांगत होती म्हणे. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. "जाऊ दे हो बाबा, दुसरं आणू," म्हणाली. ती रागावत नाही याचाच मला त्रास होतो.

दुपारी तिनं ट्रंकेतली जुनी पुस्तकं काढून उन्हात मांडली. नर्सच्या कोर्सची. एकेक पान पुसत होती. मी विचारलं, मुंग्या लागल्या का गं त्यालाही? ती म्हणाली, "नाही बाबा, वास येत होता." म्हणजे घरात ओल आहे. भिंत बघायला हवी.

संध्याकाळी चहा घेऊन निघालो तर पुतळाबाई म्हणाली, "आवं, च्या घरानच ठेवा ना आता. देवापुढं ठेवा."

"तो घरात बसून कधी चहा प्यायला? त्याची जागा तिथं आहे."

ती आणखी काही बोलणार होती. पूर्वीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. माझ्या पाठीमागे दोघींचं काहीतरी चालतं. मी आलो की थांबतात. बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही, पण दिसतं.

४ नोव्हेंबर, रविवार

कल्याणहून निरोप आहे. पूर्वीचा भाऊ भाविक भाऊबीजेला येणार. यंदा ओवाळणं नाही, नुसता भेटायला. सखीच्या अंगावरचे फोड बघून तो काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, कान नसतानाही. त्याच्या आत अंगण साफ झालं पाहिजे. आज रिठे भिजत घातले आणि निंबोळीची पेंड आणली. थकलोय. रोज सकाळी उठून ह्यांच्याशी भांडायचं आणि रोज हरायचं. लूम बरा होता, धागा तुटला की निदान कुठं तुटला ते दिसायचं.

५ नोव्हेंबर

रिठ्याचं फेसाळ पाणी ओतलं, वर पेंड मातीत मिसळली. अंग कसकसतंय.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

चार दिवस तापात होतो. सांधे असे धरले की पुतळाबाईनं घास भरवला. चहा ठेवायला उठता आलं नाही. पूर्वीला म्हटलं, तू ठेव. हो म्हणाली, पण ठेवला नसावा, कारण कप फडताळात तसाच पालथा होता. मला राग आला. मग वाटलं, तिनं तरी किती करायचं?

आज काठी टेकत अंगणात गेलो तर काय! मुंग्या नाहीत. म्हणजे असतील दोनचार, पण ती रांग नाही, ढीग नाही. आंब्याखाली उघड्या पायानं उभा राहिलो. केसरीनाथला हाक मारून दाखवलं. रिठा! एवढा सोपा उपाय आणि मी महिना वाया घालवला. केसरीनाथ म्हणाला, रिठ्याचं त्यानंच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. असू दे.

पुतळाबाईला म्हटलं, आता येऊ दे भाविकला. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

१० नोव्हेंबर

चहा पुन्हा सुरू केला. इतके दिवस चुकले म्हणून बिस्किटं जास्त ठेवली. सकाळची वाट बघतोय.

११ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळी बशी स्वच्छ होती. आनंद झाला. हे आधी लिहून ठेवतो, पुढचं मग.

भाविक दुपारी आला. चांगला मुलगा आहे. मी त्याला अंगण दाखवलं, रिठ्याचं सांगितलं. तो मान डोलावत होता. संध्याकाळी घरात पाहुणा असणार, आपल्याला उठता येणार नाही, म्हणून मी मितेशचा चहा आज लवकरच, उन्हातच ठेवून आलो. चहा बुंध्याशी ओतला, बशी दगडावर ठेवली आणि ओट्यावर गप्पा मारत बसलो.

सखीची किंकाळी मलाही ऐकू आली.

ती दगडाशी उभी होती. हातात बिस्किट, ते बिस्किट तांबडं आणि हलणारं, मनगटापर्यंत मुंग्या. पूर्वीनं धावत जाऊन तिला उचललं, हात झाडला, पाण्याच्या बादलीत धरला. भाविक मला काय काय बोलला. या घरात माझी भाची राहणार नाही, आजच नेतो दोघींना. मी त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत नव्हतो. मी बशीकडे बघत होतो.

बशी दिसतच नव्हती. तिच्यावर मुंग्यांचा थर होता. बुंध्याशी, जिथं मी चहा ओतला होता, तिथली ओली माती उकरून त्या भराभर वर येत होत्या. दगडावरून एक रांग वर, एक रांग खाली, एकेक कण घेऊन. मी उभा होतो तेवढ्यात अर्धं बिस्किट संपलं.

आठ महिने मी रोज सकाळी ती बशी उचलून धुतली आणि मनात म्हटलं, आला होता.

१२ नोव्हेंबर

भाविक रात्री एकटाच गेला. पूर्वी त्याला म्हणाली, "आज नाही. आज बाबांना सोडून नाही येणार." सखीचा हात सुजलाय पण ताप नाही. डॉक्टरनं औषध दिलंय.

सकाळी पूर्वी माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या उजव्या कानाच्या बाजूला, तिकडून थोडं ऐकू येतं म्हणून.

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही पाणी ओतलंत ना उकळतं, त्याच्याही आधीपासून. आईंना पण माहिती आहे. सखीला बिस्किट मिळतं म्हणून ती तिकडे जायची. मी लक्ष ठेवायचे, पण एखादवेळी निसटायची."

"मग बोलली का नाहीस? पोरीला चावत होत्या आणि तुम्ही दोघी गप्प?"

ती म्हणाली, "सकाळी बशी उचलताना तुमचं तोंड बघायचे मी. दिवसभरात तेवढं एकदाच ते तोंड तसं असायचं. रोज ठरवायचे, आज सांगते. नाही सांगता आलं, बाबा. चुकलं माझं."

मला रडू आलं. सुनेसमोर रडलो, लपवलं नाही. मग दहाव्याचं सगळं सांगितलं, कावळ्याला काय शब्द दिला तेही. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हणून तुम्ही एवढं करत होतात?"

"तुम्ही दोघी गेलात तर मी त्याला काय सांगू?"

"मी कोर्स पुन्हा करायचं म्हणतेय," ती म्हणाली. "जानेवारीच्या बॅचला घेतो म्हणाले. कल्याणला राहायला लागेल. माझी आई सांभाळेल सखीला. हे पण मला तुम्हाला सांगता येत नव्हतं. आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, जा, पण ह्यांना आधी जरा सावरू दे." मग म्हणाली, "मितेश गेले त्याच्या आदल्या महिन्यात आमचं हेच बोलणं झालं होतं. तेच म्हणत होते, सखी चालायला लागली की तू कोर्स पुरा कर."

म्हणजे पुस्तकांना वास येत नव्हता. भिंतही कोरडीच आहे.

आणि मितेशला जे पाहिजे होतं त्याच्या बरोबर उलटा शब्द मी त्याला देऊन बसलो होतो. कावळा मग कशाला उतरला? भूक लागली असेल. ऊन फार होतं.

१३ नोव्हेंबर

चहा ठेवला नाही. संध्याकाळी हात काय करावं ते न कळून नुसते मांडीवर पडून होते.

१६ नोव्हेंबर

आज दिवेलागणीला चहा घेऊन दगडावर गेलो. त्याचाच कप. आंब्याकडे बघून म्हटलं, "मितेश, दिलेला शब्द परत घेतो. जाऊ दे त्यांना. तुझंही तेच म्हणणं होतं, मला कुणी सांगितलंच नाही." पुतळाबाई ओट्यावरून बघत होती. म्हातारा झाडाशी बोलतोय म्हणून तिनं हाक मारली नाही. थोड्या वेळानं येऊन शेजारी बसली.

चहा निवू दिला नाही. मीच प्यायलो. फार गोड होता, तरी सगळा प्यायलो. कप घरात नेऊन विसळला.

२५ नोव्हेंबर, रविवार

मुंग्या कमी होत चालल्यात. ओतायला काही नाही, टाकायला काही नाही. रोज आंब्याखालचं झाडतो, एवढंच. एक छोटा ढीग निघाला होता, त्यावर सकाळी उकळतं पाणी ओतलं, यावेळी पाय सांभाळून. केसरीनाथ आमच्या सगळ्या राहनाळ गावाला रिठ्याचं माहात्म्य सांगत सुटलाय. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. सांगेन कधीतरी.

३० डिसेंबर, रविवार

आज दोघी गेल्या.

भाविक रिक्षा घेऊन आला. सामान बांधलेलं होतं. पूर्वी रिक्षात बसली, पुस्तकं मांडीवर घेतली. पुतळाबाईनं सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि मग वास येईल म्हणून परत काढून घेतली आणि मग पुन्हा दिली. मी कढीपत्त्याचं नवं रोप आणून ठेवलं होतं. पूर्वी म्हणाली, "इथंच लावा बाबा. शनिवारी येईन तेव्हा पाणी घालीन." मी म्हटलं, मीठ नाही घालणार.

रिक्षावाला घाई करत होता. सखीला हाक मारली तर ती आंब्याखाली. दगडावर बसलेली, उघड्या पायांनी, हातात बिस्किट. मी घाईनं तिच्याजवळ गेलो. खाली वाकून बघितलं. एखाददुसरी मुंगी आपल्या कामानं चाललेली, बाकी माती स्वच्छ.

तेवढ्यात फांदीवरून कावळा उतरला. थेट तिच्यासमोर दगडावर बसला, मान वाकडी केली आणि तिच्या हातातलं बिस्किट उचलून उडाला. आम्ही सगळे तिथंच थबकलो. मला वाटलं पोर आता भोकाड पसरणार. ती रिकाम्या हाताकडे बघत राहिली आणि मग खदखदून हसायला लागली. "काऊ नेलं," म्हणाली.

पूर्वीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर तिला जाऊ देता आलं नसतं. सखीला उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, चल, उशीर होतोय.

भुकेला कावळा होता की कोण, मला काय माहीत. आता मी तसल्या गोष्टींवर पैज लावत नाही. दगडावर पडलेला चुरा झाडून काढला, आणि मग आत येऊन पुतळाबाईला विचारलं, चहा टाकतेस का, दोघांचा.